संपर्क क्षेत्राच्या बाहेर

फोन लागत नाही तेव्हा पलीकडची बाई साधारण दोनपैकी एक गोष्ट सांगते. एक, मोबाइल बंद आहे. दोन, मोबाइल संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. एरवी दोन्हीचा अर्थ आपण एकच घेतो, की नंतर करू. पण आपलं माणूस डोंगरात गेलेलं असेल आणि परतायची वेळ उलटून चार तास झाले असतील, तर या दोन वाक्यांतल्या फरकावर अख्खं घर रात्रभर बोलू शकतं. मी अशा घरात एक रात्र काढली आहे.

फरक खरा असतो. मोबाइल नीट बंद केला तर बंद होण्याआधी तो नेटवर्कला 'मी निघतो' असं सांगतो. नेटवर्क तशी नोंद करतं आणि पुढे कुणी फोन केला तर त्याला शोधायच्या भानगडीतच पडत नाही, थेट 'बंद आहे' म्हणतं. मोबाइल दरीत उतरला आणि रेंज गेली तर मात्र त्याने निरोप घेतलेलाच नसतो. नेटवर्क शेवटच्या ठाऊक असलेल्या भागातल्या टॉवरांवरून त्याला हाका मारतं, ओ येत नाही, मग 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणतं. बराच वेळ मोबाइलने हजेरी लावली नाही की नेटवर्क आपण होऊन त्याला बंद धरू शकतं. आणि रेंज नसलेल्या जागी बॅटरी संपून तो बंद पडला, तर त्याचा 'मी निघतो' कुणाला ऐकूच जात नाही.

म्हणजे रात्री सव्वाअकराला पलीकडच्या बाईने वाक्य बदललं, तर डोंगरात त्या क्षणी काही घडलंय असं नाही. कुठल्या तरी सर्व्हरवरच्या घड्याळाची मुदत संपली असेल, इतकंच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मला हे माहीत होतं, मी ते सगळ्यांना समजावूनही सांगितलं. तरी सव्वाअकराला 'बंद आहे' ऐकल्यावर पोटात जो खड्डा पडायचा तो पडलाच.

*

तीन वर्षांपूर्वीचा जुलै होता. दादा आणि त्याचे चार मित्र शनिवारी रात्री चिंचवडहून गाडीने निघाले आणि पहाटे खिरेश्वरला पोचले. बेत साधा होता. खिरेश्वरहून तोलारखिंड, तिथून कातळावरच्या रेलिंगला धरून वर, मग एकामागून एक येणाऱ्या टेकड्या आणि जंगल ओलांडून हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, आणि त्याच वाटेने परत. दादाने हरिश्चंद्रगड आधी तीनदा केलेला होता. रविवारी दुपारी दीडला त्याचा फोटो आला. पांढऱ्या पडद्यासमोर पाच रेनकोट. खाली लिहिलं होतं, 'कोकणकडा दिसतोय का बघ.' धुक्याशिवाय काहीही दिसत नव्हतं.

ही शेवटची खबर. आठपर्यंत घरी येतो म्हणाला होता. पण दादाचे आठ म्हणजे दहा, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे दहापर्यंत आम्ही निवांत जेवलो. साडेदहाला वहिनीने बाकी चार घरी फोन लावले, तेव्हा कळलं की कुणाच्याच घरी कुणी पोचलेलं नाही आणि पाचही फोन लागत नाहीत. अकराला मामा येऊन बसला. साडेअकराला पाच घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला.

घरात चार पक्ष पडले. बाबांचं म्हणणं, पावसाळ्यात माळशेज घाटात दरड पडते, गाड्या अडकतात, सकाळपर्यंत थांबू, उगाच पोरांची शोभा नको. मामाचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जायचं. आईने देव पाण्यात ठेवले. हा वाक्प्रचार आहे हे मला ठाऊक होतं, तो कुणी खरोखर करतं हे त्या रात्री पाहिलं. तिने ताम्हनात पाणी घेतलं, त्यात बाळकृष्ण ठेवला आणि ती देवघरापुढे बसली. वहिनीने मुलाच्या शाळेची एक अर्धी कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 1.30 फोटो. त्याखाली: 10.40, पाचही घरी फोन.

*

आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. एखादं मोठं ॲप शेकडो मशीनवर चालत असतं. ही मशीन एकमेकांना ठरावीक अंतराने 'मी आहे' एवढाच निरोप पाठवत राहतात. त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. निरोप यायचा थांबला की प्रश्न पडतो, ते मशीन बंद पडलं की नुसतं मंदावलंय? की मशीन ठणठणीत आहे आणि मधली तार तुटली आहे? बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. येत नाही तो निरोप काहीच सांगत नाही.

1985 साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी याबद्दल एक सिद्धांत मांडला, जो आमच्या क्षेत्रात सगळ्यांना शिकावा लागतो. निरोपाला किती वेळ लागेल याला काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी मशीन बंद पडण्याची शक्यता असेल, तर सगळ्यांचं एकमत नक्की होईल अशी खात्रीची पद्धत असूच शकत नाही. कारण मुळाशी तेच आहे: मेलेला आणि रखडलेला यांतला फरक ओळखता येत नाही. परीक्षेत मी हे दहा मार्कांसाठी लिहिलं होतं. त्या रात्री आमच्या हॉलमध्ये चार माणसांचं एकमत होत नव्हतं तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट कळलं. कुणीच मूर्खासारखं बोलत नव्हतं. बाबांकडे जेवढी माहिती होती तेवढीच मामाकडे होती.

यावर व्यवहारात आम्ही जो उपाय करतो तो टाइमआउट. एक वेळ ठरवायची आणि त्यानंतर उत्तर आलं नाही तर मशीन बंद पडलं असं धरून कामाला लागायचं. ती वेळ फार कमी ठेवली तर जिवंत मशीनला मेलेलं ठरवून सारखी धावपळ होते. फार जास्त ठेवली तर खरंच मेलेल्यापर्यंत पोचायला उशीर होतो. अगदी बरोबर असा आकडा नसतो. मात्र तो आकडा आधी, शांत डोक्याने ठरवलेला असावा लागतो. निरोप यायचा थांबल्यावर ठरवायला बसलं की काय होतं ते आमच्या हॉलमध्ये दिसत होतं. बाबांचा टाइमआउट उद्या सकाळचा होता आणि मामाचा संध्याकाळीच उलटून गेला होता.

शेवटी बारा वाजता वहिनीने कुणालाच न विचारता 112 फिरवला. मग गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा मेळ घालणाऱ्या महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर शोधून तिथे कळवलं. मामाला एका पोलीस ठाण्यात सांगितलं गेलं की ही हद्द आमची नाही. त्यात नवल वाटू नये अशी त्या गडाची जागाच आहे. पायथ्याचं खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, गड नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) आणि कोकणकड्याखालचं बेलपाडा ठाणे जिल्ह्यात. धुक्यात वाट चुकलेला माणूस कुठल्या जिल्ह्यात चुकतोय हे त्यालाही माहीत नसतं.

*

बातमी उशिरा पोचण्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. त्यातला 1924 चा प्रसंग डोक्यातून जात नाही. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन 8 जूनला एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघाले. त्यांच्या मागे असलेल्या नोएल ओडेलला दुपारी ढग क्षणभर फाटले तेव्हा दोन ठिपके वर सरकताना दिसले, मग ढग मिटले. ते दोघे परत आले नाहीत. ओडेल त्यांना शोधायला वरच्या तंबूपर्यंत जाऊन आला. खाली थांबलेल्यांना कळवायचं कसं हे आधीच ठरलेलं होतं: बर्फावर अंथरुणं मांडून खूण करायची. वरच्या छावणीत पांघरुणांची फुली मांडली गेली आणि खालच्या छावणीत ती दुर्बिणीतून वाचली गेली. तिथून पुढे ती बातमी तार करता येईल अशा ठिकाणापर्यंत माणसाने पायी न्यायची होती. लंडनला ती 19 जूनला पोचली.

मधले अकरा दिवस. मॅलरीची बायको रूथ तेव्हा इंग्लंडमध्ये तीन मुलांसह राहत होती. ते अकरा दिवस तिच्यासाठी तो जिवंत होता. तिने त्या दिवसांत काय केलं असेल? बाजार, मुलांचं खाणंपिणं, पत्र लिहिणं. तिला आपण वाट पाहतोय हे ठाऊक होतं, पण वाट पाहण्यासारखं काही उरलेलं नाही हे ठाऊक नव्हतं.

मॅलरीचं शरीर 1999 मध्ये मिळालं. अर्विनचा नावाची पट्टी शिवलेला मोजा आणि बूट 2024 मध्ये खालच्या हिमनदीवर मिळाला. शंभर वर्षं. त्याच्या घरच्यांनी डीएनए तपासणीसाठी आपले नमुने दिले, म्हणजे इतक्या वर्षांनीही त्या घराला ते जाणून घ्यायचं होतं.

आज आपल्याला वाटतं की हा सगळा तारेच्या जमान्याचा प्रश्न होता. पण खिशातल्या मोबाइलने मधले अकरा दिवस गेले नाहीत. फक्त ते अकरा तासांवर आले आणि त्या अकरा तासांत दर दोन मिनिटांनी उघडून बघण्यासारखं काहीतरी आपल्या हातात आलं. वहिनी दादाच्या चॅटवर एकच खूण असलेला मेसेज बघत बसली होती: 'कुठे आहेस?' दुसरी खूण येत नव्हती.

*

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर मेसेज आला. कुणाच्या तरी मित्राचा मित्र गडावर होता, तो म्हणत होता की पाच जणांचा ग्रुप संध्याकाळी पाचनईच्या बाजूने खाली उतरला. पाचनई ही गडाची सोपी बाजू. मामा म्हणाला, बघा, धुक्यामुळे सोपी वाट धरली असेल, गाडी राहिली खिरेश्वरला, म्हणून अडकले. सगळं जुळत होतं. एका काकूंनी ग्रुपवर हात जोडल्याच्या वीसेक खुणा पाठवल्या. बाबा उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आईने बाळकृष्ण पाण्यातून काढून पुसला.

दोन वाजता कळलं की ते पाच जण नाशिकचे होते आणि आपापल्या घरी झोपले होते.

ती पन्नास मिनिटं त्या रात्रीतली सगळ्यात वाईट. आधी आम्हाला काही माहीत नव्हतं, नंतरही काही माहीत नव्हतं, पण मधे एकदा दादा परत आला होता आणि मग पुन्हा हरवला. आईने काही न बोलता ताम्हनात नवं पाणी घातलं.

मराठीत अशा बातमीला नाव असायला हवं, आणि ते आहेही. पानिपतावर 14 जानेवारी 1761 ला सदाशिवरावभाऊ पडले, पण ते पडले याबद्दल पुण्यात सगळ्यांची खात्री पटली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही असं सांगतात. आणि पुढे भाऊसाहेब म्हणून एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागे लोक गेले, 1776 मध्ये त्याचं बंड पेशवाईला मोडून काढावं लागलं. त्याला आपण तोतया म्हणतो. शाळेत हा धडा वाचताना वाटायचं, लोक इतके कसे फसतात? आता वाटतं, ज्यांना पक्की बातमी मिळालेली नसते, त्यांच्या दारात तोतया कधी ना कधी येतोच. आमच्याकडे तो एक वाजून दहा मिनिटांनी आला होता.

*

पहाटे चारला पोलिसांकडून दादाच्या मोबाइलचं शेवटचं लोकेशन कळलं. दुपारी पावणेतीन, आणि टॉवर कोकणातला, मुरबाडच्या बाजूचा.

मामाने मोठ्या आवाजात ते वाचलं आणि हॉलमध्ये शांतता पसरली. सगळ्यांच्या मनात एकच चित्र उभं राहिलं. कोकणकडा म्हणजे हजारो फुटांचा, आतल्या बाजूला वळलेला सरळ कडा. वरचा मोबाइल खालच्या टॉवरवर सापडला, म्हणजे मोबाइल खाली गेला.

इथे मात्र माझा धंदा कामाला आला. मी म्हणाले, थांबा. टॉवर सांगतो ती जागा एक टिंब नसते. एका टॉवरचे साधारण तीन भाग असतात, प्रत्येक भाग कलिंगडाच्या फोडीसारखा पसरत जातो, काही किलोमीटर. शिवाय रेडिओ लहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत, पण समोर मोकळी हवा असेल तर लांब जातात. गडाच्या कड्याजवळ उभं राहिलं तर घाटावरचा टॉवर डोंगराच्या पाठीमागे लपतो आणि समोर सगळं कोकण उघडं असतं. तिथे मोबाइल खालचाच टॉवर पकडणार. याचा अर्थ एवढाच, की पावणेतीनला ते अजून पश्चिमेकडे, कड्याच्या आसपास होते. म्हणजे परतायला उशिरा निघाले. म्हणजे तोलारखिंडीपर्यंत पोचायच्या आत अंधार पडला असणार.

बाबांनी विचारलं, नक्की? मी म्हणाले, एवढं नक्की. वहिनीने वहीत लिहिलं: 2.45 कड्याजवळ.

पाच वाजता ओतूर-जुन्नर भागातल्या ट्रेकर मंडळींपैकी एकाचा फोन आला. ते उजाडायच्या आत खिरेश्वरला पोचणार होते, गावातली माणसं बरोबर घेणार होते. सगळे स्वतःच्या नोकऱ्या-धंदे सांभाळून हे काम करणारे, फुकट. त्याचा आवाज आमच्यापैकी कुणाहीपेक्षा शांत होता. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि वहिनी वही बघून उत्तरं देत गेली. किती जण? रेनकोटांचे रंग? कुणाला शुगर, दमा? खाणं किती नेलंय? टॉर्च? गाडी कुठे लावलीय आणि ती अजून तिथेच आहे का? (तिथेच होती, गावातल्या एकाने रात्रीच बघून सांगितलं होतं. म्हणजे या बाजूने ते उतरलेले नव्हते.) गड आधी कुणी केलाय? कुठल्या वाटेने?

मग त्याने विचारलं, "तुमचे मिस्टर वाट चुकले तर काय करतील? बसून राहतील की शोधत फिरतील?"

आई देवघरातून म्हणाली, "तो कुठला बसतोय!" बाबांनी मान हलवली. वहिनी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एकटा असेल तर फिरेल. बरोबर चार जण आहेत, कुणी दमलं असेल तर बसेल."

नंतर मला कळलं की हा प्रश्न शोधाच्या शास्त्रातला मुख्य प्रश्न आहे. हरवलेली वस्तू शोधायचं गणित दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्या शोधायला मांडलं. पुढे तेच डोंगरात, जंगलात हरवलेल्या माणसांना लावलं गेलं. रॉबर्ट कोस्टर नावाच्या माणसाने तर जगभरच्या हजारो शोधांच्या नोंदी एकत्र करून कोण कसं चुकतं याचा अभ्यास केला: ट्रेकर कसा, लहान मूल कसं, विस्मरण झालेलं म्हातारं माणूस कसं. शेवटच्या ठाऊक जागेभोवती वर्तुळं काढायची, शक्यता वाटून द्यायच्या आणि एखादा भाग शोधून काही मिळालं नाही तर तिथली शक्यता कमी करून बाकीच्या भागांची वाढवायची. त्या गणितात न सापडणं हीसुद्धा माहिती असते. घरी बसलेल्यांना 'या बाजूला कुणी नाही' हा निरोप धक्क्यासारखा लागतो, पण शोधणाऱ्याने त्याच निरोपाने नकाशाचा एक तुकडा बाजूला ठेवलेला असतो.

वहिनीच्या वहीत सकाळी सातपासून अशाच नोंदी आहेत. 7.20, खिंडीपर्यंत कुणी नाही. 8.05, देवळाजवळच्या गुहांत कुणी नाही. 9.15, मोठ्या ओढ्याच्या अलीकडे कुणी नाही. मी ती पानं नंतर अनेकदा बघितली आहेत. अक्षर कुठेही हललेलं नाही.

*

दहा पन्नासला अनोळखी नंबरवरून फोन आला. वहिनीने स्पीकरवर टाकला. वारा, कुणाचं तरी ओरडणं, आणि मग एका पोराचा आवाज, "ताई, सापडली सगळी पोरं."

मराठीतलं 'सापडणं' हे क्रियापद किती भयंकर आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. किल्ली सापडते. वाट सापडते. दरीत मृतदेहही सापडतो, वर्तमानपत्रात तसंच छापतात. 'आली' म्हटलं असतं तर प्रश्न नव्हता, येणारं माणूस जिवंतच असतं. 'सापडली' या शब्दात ते नाही. हॉलमध्ये नऊ माणसं होती आणि कुणीही हललं नाही.

वहिनीने विचारलं, "कशी आहेत?"

"भिजलीत पार. चहा पितायत."

मला वाटतं, मी ऐकलेलं हे सगळ्यात सुंदर मराठी वाक्य आहे. मेलेली माणसं चहा पीत नाहीत.

झालं होतं ते असं: धुक्यात परतताना टेकड्यांच्या त्या पट्ट्यात पायवाट सुटली, ते एका ओढ्याच्या काठाने उतरत गेले, अंधार पडला, एकाचा पाय मुरगळला. दादा पुढे जाऊन वाट बघून येतो म्हणत होता. मग गेला नाही. पाचही जण एका कपारीत एकमेकांना चिकटून बसले. जुलैत सह्याद्रीत बर्फ पडत नाही, पण भिजलेल्या अंगावर रात्रभर वारा घेतला तर गारठून माणूस मरू शकतो. ते बसले, कोरड्यात बसले आणि एकत्र बसले, म्हणून निभावलं. सकाळी शिट्टी ऐकू आली तेव्हा त्यांनी ओरडून ओ दिली. ज्याचा पाय मुरगळला होता त्याला गावकऱ्यांनी आळीपाळीने उचलून खाली आणलं. त्यांतले बरेच जण सकाळची कामं टाकून आले होते. पैसे घ्या म्हटलं तर कुणी घेतले नाहीत. पुढच्या रविवारी बाबा आणि दादा जाऊन सगळ्यांना भेटून आले.

*

आमची वाट पाहणं साडेबारा तासांत संपलं, आणि चांगलं संपलं. ज्यांचं संपत नाही त्यांचं काय होत असेल याचा विचार मी त्यानंतर टाळू शकलेले नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासकाने त्यासाठी 'अँबिग्युअस लॉस' असा शब्द दिला. तिने सुरुवात केली ती व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांपासून. माणूस गेलं हे कळलं तर रडता येतं, तेरावा घालता येतो, लोक भेटायला येतात. कळलंच नाही तर यातलं काहीच करता येत नाही. रडलं तर आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं आणि हसलं तर विसरल्यासारखं. तिचं म्हणणं, अशा माणसांना 'आता सोडून द्या' म्हणू नये. 'तो कदाचित नाही आणि कदाचित आहे' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून जगायला शिकणं, एवढंच त्यांच्या हातात असतं.

कायद्यालाही हा प्रश्न सोडवावा लागला, आणि त्याने तो आमच्यासारखाच सोडवला: टाइमआउट लावून. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 108 प्रमाणे, ज्यांना एखाद्याची खबर साहजिकच लागली असती अशांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही मुदत सातच वर्षं आहे. सात का, सहा का नाही, याला गणिती उत्तर नाही. कुठेतरी रेघ मारल्याशिवाय बँकेचं खातं, घराचं नाव, पुढचं लग्न, काहीच हलत नाही, म्हणून ती मारलेली आहे.

डोंगरात मात्र रेघ निघण्याआधी मारता येते आणि तिचा उपयोग जिवंत माणसाला होतो. ऑक्टोबर 2021 मध्ये उत्तराखंडातल्या हर्षिलहून लमखागा खिंड ओलांडून हिमाचलातल्या छितकुलला निघालेला ट्रेकर्सचा गट मोठ्या हिमवर्षावात सापडला. ठरल्या दिवशी ते छितकुलला पोचले नाहीत, म्हणून शोध सुरू झाला, हवाई दलाची हेलिकॉप्टर गेली. बहुतेक जण वाचले नाहीत. जे मोजके वाचले, ते पोचायचा दिवस आधी ठरलेला होता आणि तो टळलाय हे कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून.

परदेशात ट्रेकर्स उपग्रहाशी थेट बोलणारं छोटं यंत्र पाठीवर नेतात, रेंज नसली तरी 'मी आहे' एवढं त्यातून कळवता येतं. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय तसलं यंत्र बाळगता येत नाही. त्यामुळे आमच्या घरी उपाय आहे तो कागदाचा. दादा अजूनही ट्रेकला जातो. निघण्याआधी फ्रिजवर चिठ्ठी लावतो आणि तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. कुठल्या वाटेने वर, कुठल्या वाटेने खाली, गाडी कुठे, बरोबर कोण, त्यांच्या घरचे नंबर, पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवणार त्यांचा नंबर, रेनकोटाचा रंग. खाली दोन वेळा. पहिली, घरी पोचायची. दुसरी, तिच्याखाली वहिनीने लाल पेनने रेघ ओढलेली: या वेळेपर्यंत निरोप नसेल तर पायथ्याच्या गावात फोन, मग 112, मग बचाव पथक. त्या वेळेआधी कुणी काळजी करायची नाही आणि त्या वेळेनंतर कुणी नुसतं वाट पाहत बसायचं नाही.

गेल्या महिन्यात तो राजगडला गेला होता. लाल वेळ रात्री दहाची होती. तो सव्वाआठलाच आला. आई तोवर देवघरात जाऊन आली होती, पण ताम्हन तिने मांडणीवरून काढलं नव्हतं.